ग्राउज इतका बुजरा का?

‘बंदूक खांद्याला लागायच्या आतच ग्राउज (तित्तरासारखा रानपक्षी) भुर्रकन उडतो, चुकतं कुठे?’ अमेरिकेत मिनेसोटा-विस्कॉन्सिनकडे नव्याने शिकारीला लागलेले मराठी लोक हे नेहमी विचारतात. (आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने तित्तर-लाव्यांची शिकार बंद आहे. हे तिकडच्या, परवान्याच्या शिकारीबद्दल.)

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. रफ्ड ग्राउज जेमतेम अर्धा-पाऊण किलोचा. गॉसहॉक हा शिकारी पक्षी आणि मोठं शिंगी घुबड त्याच्या जिवावर टपलेले, त्यामुळे त्याचा पहिला बचाव उडणं नसून पाचोळ्यात दबून बसणं हा आहे. एका लयीत चालणाऱ्या माणसाला तो बिनदिक्कत पुढे जाऊ देतो. पावलं थांबली की मात्र आपण दिसलो असं समजून तो बिथरतो.

म्हणून थांबायचं, पण जागा बघून. पंधरा-वीस पावलं चाला आणि नळी मोकळी फिरेल अशा ठिकाणी, पाय नीट रोवून, अर्धा मिनिट उभे राहा. ॲस्पेनच्या दाट झाडीच्या पोटात थांबलात तर पक्षी उडेल आणि नळी फांदीत अडकेल. पुन्हा पाऊल उचलताना बंदूक खाली सोडू नका, कारण पुष्कळ पक्षी नेमके तेव्हाच उडतात.

पाचोळ्याच्या आवाजापेक्षा माणसाचं बोलणं वाईट. कुत्र्याला सतत हाका मारणं तर त्याहून वाईट. वाऱ्याच्या दिवशी त्याला चाहूल लागत नाही, सगळं रान हलत असतं, म्हणून तो आधीच बिथरलेला असतो आणि टप्प्याबाहेरूनच उडतो. अशा वेळी सखल, आडोशाच्या जागा धरा. पाऊस पडून गेल्यानंतरची ओली, निवांत सकाळ सगळ्यात चांगली.

ऑक्टोबरात पानं झडली की त्याला लांबून दिसतं. शिवाय रस्त्यालगतच्या पायवाटांवर तोवर उरतात ते लवकर उडणारे किंवा पायी पळणारेच. वाट सोडून आत शिरा. कुत्रा वासावर लांबूनच थबकणारा हवा. अंगावर जाणारा कुत्रा पक्ष्याला पळायला लावतो.

बार बहुधा वीस-पंचवीस मीटरच्या आतला असतो, तेव्हा मोकळा चोक (नळीचं तोंड कमी आवळलेलं) आणि साडेसात नंबरचे छर्रे पुरतात. पानझडीनंतर सहा नंबरचे, म्हणजे जरा मोठे, घ्या. कुत्रा पुढे असताना खालून उडणाऱ्यावर बार टाकायचा नाही, म्हणजे नाही.

नेम चुकला तर पक्षी कुठल्या दिशेला गेला ते लक्षात ठेवा. तो सहसा फार लांब जात नाही. आणि पक्षी मिळाला तर आधी त्याची गळ्याची पिशवी उघडून बघा: क्लोव्हरची पानं निघाली तर गवताळ कडा, फळं निघाली तर झुडपं, ॲस्पेनच्या कळ्या निघाल्या तर मोठी झाडं शोधायची.