कोर्टाचा दणका आणि कोर्टाची तारीख

मराठी न्यूज चॅनेलवर सुप्रीम कोर्ट कधी साधं काही बोलतच नाही. ते दणका देतं, फटकारतं, कान टोचतं, सणसणीत चपराक लगावतं आणि उरलेल्या वेळात कुणालातरी मोठा दिलासा देतं. बघणाऱ्याला वाटतं वा, वर कुणीतरी आहे जो सगळ्यांना सारखाच झोडतोय. पण यातलं बरंचसं म्हणजे सुनावणी चालू असताना न्यायमूर्ती तोंडी जे बोलले ते असतं आणि तोंडी बोलण्याला आदेश म्हणून काडीची किंमत नसते, संध्याकाळी लेखी ऑर्डर बघाल तर बऱ्याचदा पुढची सुनावणी अमुक तारखेला एवढंच. ठाण्यात कोर्टनाक्यावर प्रॅक्टिस करणारा माझा एक मित्र आहे, त्याला कुणी असली ब्रेकिंग न्यूज दाखवली की तो एवढंच विचारतो, ऑर्डर कुठाय?

माझं म्हणणं असं की कोर्ट राजकारणाच्या बाहेर कधीच बसलेलं नव्हतं, आणि त्याचा सगळ्यात मोठा राजकीय निर्णय पुष्कळदा निकालात नसतोच, तारखेत असतो. मीडिया आपल्याला निकालाचा तमाशा दाखवतो आणि तारीख मात्र अशी सांगतो की जणू पाऊस पडावा तशी ती आपोआप पडली.

शिवसेना फुटली त्या सत्तासंघर्षाचंच घ्या, आम्हा ठाणेकरांना तो घरातल्या भांडणासारखा तोंडपाठ आहे. २७ जून २०२२ ला कोर्टाने शिंदेंच्या बंडखोर आमदारांना अपात्रतेच्या नोटिशीवर उत्तर द्यायला १२ जुलैपर्यंत वेळ दिला. २९ जूनला रात्री राज्यपालांनी सांगितलेल्या बहुमत चाचणीला स्टे द्यायला नकार दिला, त्याच रात्री उद्धव ठाकरेंनी फेसबुक लाईव्हवर राजीनामा दिला आणि दुसऱ्या दिवशी शिंदे मुख्यमंत्री. दोन्ही आदेश कागदावर एकदम सोज्वळ, तात्पुरते, कुणाची बाजू न घेणारे. मग ११ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने सांगितलं की ती चाचणी बोलवायला राज्यपालांकडे पुरेसा आधारच नव्हता, आणि प्रतोद म्हणून, म्हणजे आमदारांना पक्षादेश बजावणारा म्हणून, शिंदे गटाच्या गोगावलेंना दिलेली मान्यता बेकायदा. पण ठाकरेंनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला ना, मग त्यांचं सरकार परत आणता येत नाही. म्हणजे जी चाचणी थांबवली नाही तीच चुकीची होती, आणि ती थांबवली नाही म्हणून जो राजीनामा आला त्याच राजीनाम्यामुळे आता काही करता येत नाही. (जूनच्या ऑर्डरमध्ये 'अंतिम निकालाच्या अधीन राहून' असं लिहिलं होतं, हो, माहितीये, मित्राने ऐकवून झालंय.)

त्या दिवशी मी नौपाड्यात एका मोबाईलच्या दुकानात स्क्रीनगार्ड बसवून घेत होतो आणि तिथे टीव्ही चालू होता. चॅनेल बदललं की जिंकणारा बदलायचा. एकावर सरकार तरलं, दुसऱ्यावर राज्यपालांवर कडक ताशेरे, दोन्ही गटांचे लोक खूश. शेजारचे एक काका म्हणाले, बघा, कोर्टाने कसं बॅलन्स केलं, दोघांनाही दिलं. मला गंमत वाटली ती याची, की एकाला ताशेरे आणि दुसऱ्याला खुर्ची मिळाली तरी ते बॅलन्सच दिसतं, कारण टीव्हीवर दोन्हीला सारखीच पट्टी असते.

पुढचं तर अजून भारी. अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांनी, म्हणजे राहुल नार्वेकरांनी, वाजवी वेळेत घ्यावा असं कोर्टाने सांगितलं, ती वाजवी वेळ शेवटी कोर्टालाच ठरवून द्यावी लागली आणि ती वाढवून मिळाल्यावर नार्वेकरांचा निर्णय आला १० जानेवारी २०२४ ला, कुणीच अपात्र नाही. त्याविरुद्ध पुन्हा सुप्रीम कोर्ट, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेची निवडणूक होईपर्यंत तिथे काही निकाल लागला नाही. ज्यांना अपात्र ठरवायचं की नाही हा प्रश्न होता त्यांची मुदतच संपून गेली. निकाल न देऊनही निकाल लागतो तो असा, आणि त्याची हेडलाईन होत नाही कारण त्या दिवशी काही घडलेलंच नसतं.

महापालिकांचं तेच. नवी मुंबईची निवडणूक झाली होती २०१५ ला, मुदत संपली मे २०२०, आधी कोविड, मग ओबीसी आरक्षण, मग प्रभागरचना, मग कोर्टाचा 'जैसे थे'चा आदेश. ठाण्यातली मुदत मार्च २०२२ ला संपली. ६ मे २०२५ ला कोर्टाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, नंतर मुदत वाढवली, आणि मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. म्हणजे नवी मुंबईत साडेपाच वर्षांहून जास्त काळ नगरसेवक नाही, सगळा कारभार प्रशासकाकडे आणि प्रशासक नेमणार राज्य सरकार. आधी आघाडीचं होतं मग महायुतीचं, गैरसोय दोघांचीही झाली नाही. कुणी विचारलं की उत्तर तयार, प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. पत्रकार पण तिथेच थांबतात, जसं काही पुढे विचारणं हा कोर्टाचा अवमानच. खरं सांगायचं तर १९७१ च्या अवमान कायद्याची थोडी भीती आहेच, पण निकालाची शंभर पानं वाचायला वेळ नाही हे कारण मला जास्त पटतं.

आणि न्यायमूर्तींचं राजकारण म्हटलं की लोकांना लगेच माजी सरन्यायाधीश रंजन गोगोई आठवतात, नोव्हेंबर २०१९ ला रिटायर आणि मार्च २०२० ला राज्यसभेत. आठवावेतच. पण काँग्रेसवाल्यांनी त्यावर फार गळा काढू नये. बहारुल इस्लाम हे काँग्रेसचे राज्यसभा खासदार, तिथून हायकोर्ट, तिथून रिटायर झाल्यावर चक्क सुप्रीम कोर्ट, आणि १९८३ ला राजीनामा देऊन परत काँग्रेसकडून राज्यसभा. दुसरीकडे सुप्रीम कोर्टाचेच न्यायमूर्ती झालेले कृष्ण अय्यर त्याआधी १९५७ च्या केरळच्या कम्युनिस्ट सरकारात मंत्री होते, आणि के. एस. हेगडे काँग्रेसचे खासदार होते, त्याच हेगडेंना १९७३ मध्ये सरन्यायाधीश नेमताना इंदिरा सरकारने डावललं आणि पुढे ते जनता पक्षाकडून लोकसभेचे अध्यक्ष झाले. म्हणजे पक्षातून आलेला माणूस न्यायमूर्ती म्हणून वाईटच निघतो असं काही नाही. मला राग याचा येतो की मीडियावाले हे आम्हाला सांगतच नाहीत. अमेरिकेत बातमीत सरळ लिहितात की या न्यायाधीशाला अमक्या राष्ट्राध्यक्षाने नेमलं. आपल्याकडे नुसतं 'न्यायालयाने म्हटले'. कुठलं खंडपीठ, ते कुणी ठरवलं, केस किती महिने पडून होती, काही नाही. १२ जानेवारी २०१८ ला सुप्रीम कोर्टाचे चार ज्येष्ठ न्यायमूर्ती स्वतः पत्रकार परिषद घेऊन सांगून गेले की केसेसचं वाटप हाच खरा प्रश्न आहे, चार दिवस खळबळ, मग पुन्हा दणका आणि दिलासा.

चर्चेला बसणाऱ्या तज्ज्ञांचंही तसंच. सत्तासंघर्षाच्या काळात उज्ज्वल निकम चॅनेलवर ज्येष्ठ कायदेतज्ज्ञ म्हणून कायद्याचा अर्थ सांगायचे, २०२४ ला ते भाजपचे लोकसभेचे उमेदवार झाले आणि २०२५ ला राष्ट्रपतीनियुक्त खासदार. तेव्हा ते कुठल्या पक्षात नव्हते हे मान्य, आणि त्यांनी निवडणूक लढवण्यात गैर काहीच नाही. पण ज्या चॅनेलने त्यांना तटस्थ म्हणून बसवलं त्यांनी नंतर एकदा तरी मागची क्लिप काढून बघायला हवी होती ना, की तेव्हा ते काय म्हणाले आणि निकाल काय लागला. निकमांचंच असं नाही, समोर बसणाऱ्या दुसऱ्या बाजूच्या वकिलांचंही काढा की. क्लिपा तर सगळ्या यूट्यूबवर पडल्यात.