टायरच्या ब्लॅडरला सिलिकॉनचा थर देताना: माझा अनुभव

ग्रीन टायर, म्हणजे अजून न भाजलेला कच्चा टायर, प्रेसमध्ये ठेवला की त्याच्या पोटात रबराचा ब्लॅडर फुगतो आणि टायरला आतून मोल्डवर दाबून धरतो. ब्लॅडरमध्ये गेजवर 14 बार दाबाची वाफ असते, म्हणजे जवळपास 198 अंश सेल्सिअस. टायरचा इनर लायनर, म्हणजे सगळ्यात आतला थर, हॅलोब्युटिल रबराचा, आणि ब्लॅडरही ब्युटिलचाच. एका जातीची दोन रबरं एवढ्या उष्णतेत दहा-बारा मिनिटं एकमेकांवर दाबली तर ती चिकटणारच. म्हणून मध्ये सिलिकॉन लागतं. पूर्वी आम्ही ते प्रत्येक ग्रीन टायरच्या आत फवारायचो, इनसाइड पेंट म्हणून. पेंट म्हणजे सिलिकॉन इमल्शन आणि त्यात अभ्रकाची किंवा टाल्कची पूड. पुढे कारच्या 14 इंची टायरच्या दोन प्रेसवर आम्ही टायर सोडून ब्लॅडरलाच पक्का थर द्यायला लागलो. त्या कामात काय करावं लागलं आणि काय बिघडलं, ते सविस्तर लिहितो.

बदलाचं कारण साधं होतं. इनसाइड पेंट शेवटी टायरच्या आतच राहतो. आवाज कमी करणारा फोम किंवा पंक्चर बुजवणारं सीलंट आत लावायचं असेल, तर आधी तो लेसरने किंवा घासून काढावा लागतो. फवारा बीडवर, म्हणजे रिमवर बसणाऱ्या कडेवर, उडतो. अभ्रक टाकीच्या तळाशी बसतं आणि मग पहिल्या टायरला नुसतं पाणी, शेवटच्याला चिखल, असं होतं.

या कामात सगळ्यात जास्त वेळ नव्या ब्लॅडरच्या सफाईला द्यावा, असं माझं ठाम मत आहे. नवा ब्लॅडर स्वच्छ दिसतो, पण तो स्वतःही मोल्डमधूनच निघालेला असतो आणि तिथलं रिलीज एजंट, म्हणजे चिकटू नये म्हणून लावलेलं द्रव्य, त्याच्या अंगावर असतं. त्यावर कितीही चांगला थर दिला तरी तो रबराला धरत नाही. आम्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतो. नॅफ्था किंवा टोल्युइनने मळ लवकर निघतो हे खरं, पण त्यांनी ब्युटिल फुगतं. फुगलेल्या रबरावर थर दिला की सॉल्व्हंट नंतर बाहेर पडताना त्याखाली फोड येतात. पुसायला दोन फडकी लागतात, एक ओलं आणि एक कोरडं. ओल्याने तळहाताएवढा भाग पुसायचा आणि अल्कोहोल उडायच्या आत कोरड्याने टिपून घ्यायचं, नाहीतर विरघळलेला मळ तिथेच वाळतो. दर दोन-तीन पुसण्यांनंतर घडी बदलायची. एका ब्लॅडरला चार कोरडी फडकी लागली तरी कंजुषी करू नये. सँडपेपर मात्र अजिबात नको. ब्लॅडरच्या अंगावरच्या बारीक रेषा हवा बाहेर जाण्यासाठी असतात. त्या घासल्या गेल्या की हवा कोंडते.

क्लॅम्प रिंगमध्ये बसणाऱ्या ब्लॅडरच्या दोन्ही कडांना मास्किंग टेप लावून घ्यायची. तिथे सिलिकॉन गेलं तर कडा रिंगमधून सरकते, वाफ गळते आणि प्रेस उभी राहते.

आमचं मटेरियल पाण्यावरचं, दोन भागांचं आहे. एका डब्यात सिलिकॉन इमल्शन, दुसऱ्यात क्रॉसलिंकर, म्हणजे सिलिकॉनला घट्ट बांधणारं रसायन. पुरवठादाराने दिलेलं प्रमाण वजनाने घ्यायचं, मापट्याने नाही. एका शिफ्टमध्ये ‘लवकर वाळावं’ म्हणून क्रॉसलिंकर जास्त टाकला गेला. थर छान कडक झाला आणि ब्लॅडर फुगल्यावर शोल्डरच्या पट्ट्यात (जिथे टायरचा माथा बाजूकडे वळतो तिथे) जाळीसारखा तडकला. ब्लॅडर प्रत्येक सायकलमध्ये ताणला जातो, थरालाही तेवढंच ताणावं लागतं. पातळ करायचं झाल्यास डीएम (क्षार काढलेलं) पाणीच वापरा. बोअरच्या जड पाण्याने इमल्शन फुटतं, वर तेलाचे डोळे दिसू लागतात. मिक्सर सावकाश फिरवायचा, जोरात फिरवला की फेस धरतो आणि तो फेस थरात सुईच्या टोकाएवढी भोकं सोडतो. क्रॉसलिंकरमध्ये सिलिकॉन हायड्राइड असेल तर कॉस्टिकसारख्या अल्कलीच्या संपर्काने हायड्रोजन सुटतो. म्हणून मोल्ड धुण्याची रसायनं त्या खोलीत नकोत, आणि उरलेलं मिश्रण घट्ट झाकणाच्या डब्यात कोंडून ठेवायचं नाही.

ब्लॅडर स्टँडवर चढवून घड्या मोकळ्या होतील एवढीच हवा भरायची. घडीत साचलेलं मटेरियल जाड वाळतं आणि तिथूनच सुटतं. आमच्या ब्लॅडरचं क्षेत्रफळ साधारण 0.4 चौरस मीटर. एका हाताला 30 ग्रॅम मिश्रण लागतं, त्यात 35 टक्के घनभाग, म्हणजे वाळल्यावर साडेदहा ग्रॅम. हिशोब केला तर थर सुमारे 26 मायक्रॉन भरतो. असे दोन हात पुरेत. तिसरा हात देऊन पाहिला, तर रेषा भरल्या आणि टायरच्या आत शोल्डरपाशी हवेचे खळगे आले, कारण हवा तिथूनच सगळ्यात शेवटी बाहेर पडते. फवाऱ्याऐवजी आम्ही स्पंजचा ब्रश वापरतो. वेळ थोडा जास्त जातो, पण ब्रश आधी आणि नंतर मिश्रणासकट वजन करून किती लागलं ते ग्रॅममध्ये कळतं.

पहिला हात लावल्यावर ब्लॅडर दुधाळ दिसतो. पाणी उडेल तसा वरून खाली पांढरेपणा विरत जातो आणि काळं रबर परत दिसू लागतं. खालच्या वळणाला पांढरट कड दिसते तोवर दुसरा हात द्यायचा नाही. मे महिन्यात हे दहा मिनिटांत होतं, जुलैच्या दमट हवेत पाऊण तासही लागतो. म्हणून घड्याळाकडे नाही, रंगाकडे बघावं. दुसरा हातही असाच पारदर्शक झाला की ओव्हनमध्ये 140 अंशाला 30 मिनिटं. ही वेळ ओव्हनच्या आकड्यावरून मोजू नये. जाड रबर सावकाश तापतं, त्यामुळे पृष्ठभागाला थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लावून तो 140 ला पोहोचल्यापासून मोजावी.

थर पिकला की नाही हे आम्ही सेलोटेपने पाहतो. टेपचा तुकडा ब्लॅडरवर दाबून उचलायचा, तो अलगद सुटला पाहिजे. खरी परीक्षा पुढची आहे. तोच तुकडा स्वच्छ स्टीलच्या पट्टीवर चिकटवायचा. पट्टीला घट्ट धरला तर थर पिकलेला आहे. बोटाने ढकलल्यावर सरकला, तर मोकळं सिलिकॉन टेपवर आलं आहे आणि उद्या तेच लायनरवर जाणार. असा ब्लॅडर परत ओव्हनमध्ये जातो.

सिलिकॉन नको तिथे जाणं हा यातला सगळ्यात मोठा धोका. थर लावणाऱ्याचे ग्लोव्हज ग्रीन टायरच्या ट्रेडच्या (रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्याच्या) जोडाला किंवा प्लायला (आतल्या दोऱ्यांच्या थराला) लागले, तर तिथे रबर रबराला जुळत नाही. डोळ्याला काही दिसत नाही, एक्स-रेमध्ये स्टीलच्या तारा दिसतात पण हे सुटलेपण हाती लागत नाही, ते शेअरोग्राफीवर, म्हणजे लेसरने पृष्ठभागाचा फुगवटा पाहणाऱ्या तपासणीत, सापडतं. म्हणून वेगळी खोली, वेगळ्या रंगाचे ग्लोव्हज, फडक्यांसाठी झाकणाचा डबा, आणि त्या खोलीतली ट्रॉली बिल्डिंग मशीनकडे कधीच नाही.

प्रेसवर बसवल्यावर पहिल्या तीन टायरना आम्ही हलका इनसाइड पेंट देतोच, मग बंद करतो. त्यानंतर टायर बाहेर काढताना लक्ष ठेवायचं. ब्लॅडर टायरबरोबर वर ओढला जात असेल, सुटताना ‘चर्र’ असा आवाज येत असेल किंवा लायनरवर चकचकीत डाग दिसत असेल, तर तिथला थर संपत आला आहे. आम्ही सायकल मोजून त्याआधीच टच-अप करतो, प्रेसवरच, ब्लॅडर गरम असताना, एकच पातळ हात.

काही ब्लॅडरचा थर सुरुवातीच्या 40 सायकलमध्येच कांद्याच्या पापुद्र्यासारखा निघाला होता. मटेरियलचा लॉट तोच, ओव्हन तोच. स्टँडवर पुरवलेल्या हवेच्या नळीतून कागदावर फुंकर मारली तेव्हा तेलाचे ठिपके उमटले. लाइनमधला फिल्टर भरला होता. आता दर शिफ्टला ती फुंकर कागदावर मारतात आणि कागद नोंदवहीत लावतात. बदललेल्या प्रत्येक ब्लॅडरची शोल्डरमधून बोटभर पट्टी कापून ती उलटी वाकवली जाते. थर तडकला तर मिश्रणाची नोंद बघायची, सोलला तर सफाईची आणि त्या कागदाची.