रेडिओ गप्प झाला तेव्हा

दुपारी साडेबाराच्या सुमाराला आबांचा शॉर्टवेव्ह रेडिओ एकदम मुका झाला. स्टेशनं गेलीच, नेहमीची खरखरही मंदावली.

देवगडच्या पडवीत हापूसच्या पेट्या बाजूला सारून आबांनी नवे सेल घातले. एरियल परत माडाला बांधली. काही नाही. शेजारी मोबाइलवर एफएम मात्र छान वाजत होतं.

पाऊण तासाने आवाज आपोआप परतला. आधी १९ मीटरच्या पट्ट्यावर, म्हणजे जास्त वारंवारितेवर, मग ३१ मीटरच्या.

संध्याकाळी कळलं, आज १० मे २०२४ ला सूर्यावर एक्स वर्गाची, म्हणजे सर्वात तीव्र गटातली, मोठी ज्वाला उसळली. तिचे क्ष-किरण आठ मिनिटांत इथे पोचतात आणि वातावरणाचा सर्वात खालचा विद्युतभारित थर दाट करतात. एरवी त्याच्याही वरच्या थरांवरून परावर्तित होणाऱ्या शॉर्टवेव्ह लहरी तिथेच शोषल्या जातात, कमी वारंवारितेच्या सर्वात जास्त. आणि हे फक्त उजेडाच्या बाजूलाच.

आबांचं वाक्य मात्र डोक्यातून जात नाही: "सूर्य तर लख्ख दिसता, मगे अडवता कोण?"

समुद्रावरची विमानं अजूनही याच लहरींवर बोलतात. त्या पाऊण तासात अरबी समुद्रावर कोण कोणाला हाका मारत असेल?