आमची वाटचाल : गोळीचा भाव आणि गोळीचं गाव

कणकवलीजवळच्या आमच्या घरात माडीवर एक ठासणीची बंदूक असायची. शेतीसंरक्षणाचा परवाना आधी आजोबांच्या नावावर होता, पुढे बाबांच्या नावावर झाला. भात पोटरीला आलं की रात्री मळ्यात डुकरं उतरायची आणि बाबा एखादा बार काढून ती हाकलायचे. आधी नळीत दारू, मग चिंध्यांचा बोळा, छर्रे, वरून गजाने ठासणं आणि सगळ्यात शेवटी केप, म्हणजे घोडा पडला की ठिणगी देणारी छोटी टोपी. मला तो आवाज फार आवडायचा. "बाबा, आणखी एक बार काढा ना" असं म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं : "बार फुकट घालव नको. केप फुकट गावना नाय." निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची, निकालानंतर परत आणायची. बंदुकीसोबत जबाबदारी आणि खर्च दोन्ही येतात, हे मी तिथेच शिकलो.

आज पश्चिम पेनसिल्व्हेनियात, पिट्सबर्गपासून तासाभराच्या अंतरावर, आमचं बंदुका, काडतुसं आणि मासेमारीच्या सामानाचं दुकान आहे. यंदापासून मुलगी कारभार हातात घेते आहे, म्हणून हे लिहायला बसलो. इथल्या मराठी मित्रांनी अनेकदा विचारलं आहे की या धंद्यात तू कसा आणि का टिकलास. त्याचं उत्तर बंदुकांपेक्षा काडतुसांत जास्त आहे. बंदूक माणूस दहा वर्षांत एखादी घेतो, काडतुसं मात्र दर महिन्याला लागतात. दुकान त्यावर चालतं, आणि माझी परीक्षाही तिथेच झाली.

मी १९९४ मध्ये इंजिनियर म्हणून इथे आलो. २००५ मध्ये आमचा कारखाना बंद झाला आणि त्याच वर्षी गावातलं हे दुकान विकायला निघालं. केंद्राचा विक्रेत्याचा परवाना, राज्य पोलिसांची तपासणी, आलेल्या आणि गेलेल्या प्रत्येक बंदुकीची नोंदवही, हे सगळं जुन्या मालकांनी सहा महिने शेजारी बसवून शिकवलं. इथली हरणाची शिकार थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू व्हायची (२०१९ पासून शनिवारी होते), आणि त्या सोमवारी शाळांना सुट्टी असे. तो आठवडा म्हणजे आमची दिवाळी. ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवसापासून पुन्हा एक हंगाम असतो, तो फक्त चकमकीवर पेटणाऱ्या ठासणीच्या बंदुकांचा. आमची केपाची होती, यांची त्याहूनही जुन्या घडणीची. पहिल्या डिसेंबरात एका गिऱ्हाइकाने तशी बंदूक काउंटरवर ठेवली तेव्हा मला आमची माडी आठवली. ती कशी ठासायची हे मला माहीत आहे, हे कळल्यावर गावात माझी ओळख पालटली.

बहिष्कार हा शब्द या धंद्यात मी जुन्या मालकांकडून पहिल्यांदा ऐकला. मार्च २००० मध्ये स्मिथ अँड वेसन या कंपनीने क्लिंटन सरकारशी करार केला. बंदुकीला कुलूप, विक्रीवर जादा अटी असं त्यात बरंच होतं. देशभरच्या बंदूकधारकांनी कंपनीकडे पाठ फिरवली. ब्रिटिश मालक टॉमकिन्स यांनी १९८७ मध्ये ११ कोटी २५ लाख डॉलरना घेतलेली ती कंपनी २००१ मध्ये दीड कोटी डॉलर रोख आणि वर कर्जाची जबाबदारी, एवढ्यावर विकली. जुन्या मालकांनीही त्या काळात त्यांचा माल घेणं थांबवलं होतं. ते अभिमानाने सांगायचे, "आम्ही दाखवून दिलं." मी ते ऐकून घेतलं. पण एक गोष्ट मनात राहिली. रिव्हॉल्व्हर घ्यायला दुसऱ्या चार कंपन्या हजर होत्या. बहिष्कार घालणाऱ्याच्या खिशातून काही जात नव्हतं. काडतुसांचं गणित निराळं आहे. तिथे दर महिन्याला खिशात हात घालावा लागतो.

हे मला २०१३ मध्ये पुरतं कळलं. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूकच्या शाळेत लहान मुलं मारली गेली. कायदे कडक होणार या धास्तीने लोकांनी मिळेल ते साठवायला सुरुवात केली. सगळ्यात स्वस्त म्हणजे .२२ची गोळी, पोरं जिच्यावर नेम शिकतात ती. तीच दिसेनाशी झाली. आमच्याकडे पाचशेचा डबा वीस डॉलरच्या आसपास होता, बाहेर लोक त्याला पन्नास-साठ मागत होते. आम्ही भाव वाढवला नाही. माणशी एक डबा दिला आणि पोरांच्या नेमबाजीच्या वर्गासाठी वीस डबे मागच्या खोलीत कुलपात ठेवले. लोक तेव्हा तावातावाने याद्या करत होते : अमक्याने भाव वाढवला, त्याच्याकडून पुन्हा कधी घेणार नाही. वर्षभराने माल आला, भाव उतरले आणि याद्या विरल्या. मी कुणाला दोष देत नाही. हजार गोळ्यांमागे तीस डॉलर वाचले की कारखान्यात पाळी करणाऱ्या माणसाच्या घरी त्या पैशांत आठवड्याचं दूध येतं.

२०१८ आमच्यासाठी सगळ्यात जड गेलं. फेब्रुवारीत फ्लोरिडातल्या पार्कलँडच्या शाळेत १७ जण गेले. त्यानंतर डिक्स स्पोर्टिंग गुड्स या दुकानांच्या साखळीने तिथे वापरली गेली तशा लष्करी धाटणीच्या रायफली विकणं बंद केलं आणि बंदुकीसाठी वयाची अट २१ वर नेली. या साखळीचं मुख्यालय आमच्याच पिट्सबर्गच्या उपनगरात आहे, म्हणून इथे चर्चा जास्त पेटली. पंधरा दिवसांत आमच्याकडे नवी गिऱ्हाइकं येऊ लागली. "आता त्यांच्या दारात पाय ठेवणार नाही, यापुढे तुझ्याकडूनच." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण ती माणसं साखळीचा भाव मागत होती. त्यांची विक्रीची किंमत माझ्या खरेदीच्या किमतीहून कमी होती. शंभर गोळ्यांमागे चार डॉलर जास्त द्यायची वेळ आली की बरेच जण अडखळत. त्यातले निम्मे उन्हाळ्यापर्यंत परत गेले. जे राहिले ते आजही आहेत, आणि त्यांच्यामुळेच पुढची वर्षं निभावली.

त्याच सुमारास उलट दिशेनेही बहिष्कार झाला. डोंगर चढणाऱ्यांचं सामान विकणाऱ्या आरईआयने व्हिस्टा आउटडोअर या कंपनीच्या नव्या मागण्या थांबवल्या. व्हिस्टाच्या पाण्याच्या पिशव्या आणि सायकलीची हेल्मेटं ते विकत, पण त्याच व्हिस्टाकडे सॅव्हेज रायफली आणि फेडरलची काडतुसं होती. फेडरलची खोकी माझ्या फळीवर होती, हेल्मेट माझ्या मुलीच्या डोक्यावर होतं.

आणि २७ ऑक्टोबरच्या शनिवारी पिट्सबर्गमध्ये ट्री ऑफ लाइफ या ज्यू प्रार्थनास्थळात ११ माणसं मारली गेली. मी दुकान बंद केलं आणि चार दिवस उघडलं नाही. मंडळातल्या दोन जवळच्या मित्रांनी घरी येऊन स्पष्ट सांगितलं, हा धंदा सोड, नाहीतर आमचं येणंजाणं राहणार नाही. त्यांतल्या एकाचं खरंच राहिलं नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं आणि त्याचा निर्णय मी चुकीचा मानत नाही. माझ्याकडून माल न घेणं, माझ्या घरी न येणं हा त्याचा हक्क आहे आणि त्याची किंमत त्यानेही मोजली. चार दिवसांनी दुकान उघडलं तेव्हा मी एक ठरवलं : मन खातरी देत नसेल तर सगळे कागद बरोबर असले तरी विक्री करायची नाही. हा नियम मुलगी आजही पाळते. त्यापायी गेलेली गिऱ्हाइकं आम्ही मोजत नाही.

पुढच्या वर्षी टेक्ससमधल्या एल पासोच्या वॉलमार्टमध्ये गोळीबार झाला आणि ३ सप्टेंबर २०१९ ला वॉलमार्टने पिस्तुलाची आणि .२२३ या रायफलीच्या मापाची काडतुसं बंद करत असल्याचं जाहीर केलं. देशातल्या काडतुसांच्या बाजारात आपला वाटा सुमारे २० टक्के आहे, तो ६ ते ९ वर येईल, असा त्यांनीच अंदाज दिला होता. शिकारीची काडतुसं मात्र ते विकत राहिले. पुन्हा बहिष्काराची हाक आली. पण आमच्या गावात किराणा, औषधं, मुलांचे कपडे सगळं तिथूनच येतं. दुसरं दुकान सतरा मैलांवर आहे. बहिष्कार करायचा तर पेट्रोलही मोजायला हवं.

मग महामारी आली आणि कुणाकडून घ्यायचं हा प्रश्नच उरला नाही. नऊ मिलिमीटरचं पन्नासचं खोकं दहा-अकरा डॉलरवरून तीसच्या पुढे गेलं, आणि तेही हाती लागलं तर. त्यातच जुलै २०२० मध्ये रेमिंग्टनने दिवाळखोरी मागितली. फळ्या रिकाम्या होत्या. मी आणि बायको रोज सकाळी त्या पुसायचो, धूळ दिसू नये म्हणून.

त्या दिवसांत रशियन माल आमच्या उपयोगी पडला. तुला, वुल्फ, बार्नौल ही पोलादी केसची (केस म्हणजे काडतुसाची बाहेरची नळी) काडतुसं पितळेच्या मालाहून नेहमी स्वस्त असायची. रशियातले विरोधी नेते नवाल्नी यांच्यावरच्या विषप्रयोगानंतर अमेरिकी सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांच्या नव्या आयातीवर बंदी जाहीर केली, पण आधी मंजूर झालेले परवाने चालू होते. म्हणून २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला तेव्हा माझ्या गोदामात ७.६२ बाय ३९ या रायफलीच्या मापाच्या १४ रशियन पेट्या होत्या, प्रत्येकी हजार गोळ्यांच्या. पाच हजार डॉलरच्या वर पैसा अडकला होता.

आमच्याकडे पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ येत. त्यांचे आजी-आजोबा युक्रेनमधून इथल्या कोळशाच्या खाणींवर आले होते. हल्ल्यानंतर तिसऱ्या दिवशी ते आले, फळीवरचं एक खोकं उचललं, उलटं केलं, रशियाचं नाव छापलेली बाजू माझ्याकडे वळवून काउंटरवर ठेवलं आणि काही न बोलता निघून गेले. मी संध्याकाळी सगळा माल मागे नेला.

तीन आठवड्यांनी एक तरुण बाप आला. गोदामात काम करतो, पोरालाही नेम शिकवतो. त्याला तीच गोळी हवी होती. मी कारण सांगितलं. तो म्हणाला, "पैसे तर तू त्यांना कधीच देऊन बसला आहेस. आता तो माल मागे कुजला म्हणून युक्रेनला काय मिळणार? मी मात्र दुप्पट पैसे देणार. तुझ्या तत्त्वाचं बिल माझ्या नावावर का?"

दोन रात्री मला झोप लागली नाही. तो म्हणत होता ते खरं होतं. बहिष्कार माझा, निर्णय माझा, मग भुर्दंड त्याने का भरावा? शेवटी तो माल मी पुन्हा बाहेर काढला, माझ्या खरेदीच्या भावात, एक पैसाही नफा न ठेवता, आणि वर हाताने लिहिलं : रशियात बनलेली, संपली की परत येणार नाही. त्यानंतर ज्यांच्याकडे जुन्या परवान्यांवरचा माल शिल्लक होता त्यांचे वर्षभर फोन येत होते. एकही पेटी घेतली नाही. त्या गोळीची जी गिऱ्हाइकं त्यामुळे गेली, ती गेली.

ते निवृत्त गृहस्थ चार महिने फिरकले नाहीत. आता येतात, मासेमारीचे गळ आणि दोरी घेतात, माझ्या तब्येतीची चौकशी करतात. काडतुसं दुसरीकडून आणतात. मी कधी विचारलेलं नाही.

त्या तरुणाच्या प्रश्नावरून एक नवं काम मात्र सुरू झालं. मागच्या खोलीत एक लांब टेबल टाकलं, त्यावर काडतुसं पुन्हा भरायची दोन यंत्रं बसवली आणि गुरुवारी संध्याकाळी शिकवायला सुरुवात केली. पितळेची केस पुन्हा पुन्हा वापरता येते. झाडलेली केस उचलायची, जुना प्रायमर ठोकून काढायचा, केस साफ करून मापात आणायची, नवा प्रायमर बसवायचा, दारू तोलून घालायची, वर गोळी दाबायची. प्रायमर म्हणजे आमच्या बाबांची केपच, फक्त केसच्या बुडाशी. त्या वर्षी हजार प्रायमरांचा भाव पस्तीस डॉलरवरून शंभराच्या वर गेला होता, तरी स्वतः भरलेली गोळी विकतच्याहून स्वस्त पडत होती. पहिल्या गुरुवारी चार जण आले, आता अकरा येतात. चिमट्यात प्रायमर धरून सगळे मान खाली घालून बसलेले असतात आणि मी एकेकाच्या मागून फिरत असतो. कुणी घाई केली की "केप फुकट गावना नाय" असं माझ्या तोंडून आपोआप निघतं. त्यांना त्याचा अर्थ पाठ झाला आहे.

त्या चौदा पेट्यांवरच्या हाताने लिहिलेल्या पाटीवरून दुकानाची आजची रीत आली. प्रत्येक खोक्याखाली आम्ही दोन गोष्टी लिहितो : एका गोळीचा भाव आणि ती कुठे बनली ते गाव. कुणाकडून घ्यायचं, कुणाकडून नाही, हे मी कुणाला सांगत नाही. माणूस पाटी वाचतो, थोडा थांबतो आणि ठरवतो. काही जण दोन सेंट जास्त देऊन दुसरं खोकं उचलतात, बरेच जण उचलत नाहीत.

नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हिस्टाचा काडतुसांचा सगळा धंदा, म्हणजे फेडरल, सीसीआय, स्पीअर, रेमिंग्टन, चेकोस्लोव्हाक ग्रुप या प्रागच्या कंपनीने विकत घेतला. हीच मंडळी युक्रेनला तोफगोळे पुरवतात. त्या आठवड्यात दोन गिऱ्हाइकांनी विचारलं, आता हा परदेशी माल झाला, मग घ्यायचा की नाही? मुलगी फेडरलच्या फळीखालच्या पाट्या नव्याने लिहीत होती. तिने मला विचारलं, "बाबा, गाव लिहायचं की मालक?" कारखाना होता तिथेच आहे, कामगारही तेच. मी म्हटलं, दोन्ही लिही. तिने लिहिलं : अनोका, मिनेसोटा. मालक प्रागचे. मग खाली भाव लिहिला आणि पुढची पाटी घेतली.