सात वर्षांचं गॅप सर्टिफिकेट

बीए झाल्या झाल्या 2009 ला मी वेंगुर्ल्याहून गोव्यात गेलो फुटबॉल खेळायला, क्लबचं कॉन्ट्रॅक्ट, महिन्याचा पगार, सगळं रीतसर. 2016 ला डाव्या गुडघ्याचं लिगामेंट गेलं आणि त्याच वर्षी धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग या गोव्याच्या तिन्ही क्लबांनी आय-लीगमधून, म्हणजे देशपातळीवरच्या फुटबॉल लीगमधून, अंग काढून घेतलं, म्हणजे बरा होऊन परत गेलो असतो तरी जागा कुठे होत्या? आई म्हणाली, "इतकी वर्षा धावलंस, आता जरा एका जाग्यार बस."

एमएला ॲडमिशन घ्यायला गेलो तर म्हणे शिक्षणात खंड आहे, गॅप सर्टिफिकेट आणा. प्रतिज्ञापत्र करून नेलं. खिडकीतल्या माणसाने वाचलं आणि विचारलं, "फुटबॉल ठीक आहे हो, पण कामधंदा काय करत होतात?" मी म्हटलं, तोच. दोन आठवडे कागद या टेबलावरून त्या टेबलावर. त्याची झेरॉक्स अजून जपून ठेवलीये, पीएचडीला परत लागली.

समाजशास्त्रात 58 टक्के पडले, नेटला (प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा) ओपनवाल्यांना 55 लागतात, थोडक्यात वाचलो. नेट म्हणजे दोन्ही पेपर सलग, 150 प्रश्न, तीन तास, मध्ये ब्रेक नाही. पाऊण तास झाला की माझं डोकं हाफटाइम मागायचं! जून 2019 ला निगेटिव्ह मार्किंग नाही हे माहीत असून 11 प्रश्न कोरे राहिले. मग डिसेंबरपर्यंत रोज स्वयंपाकघरातल्या लाकडी खुर्चीत अलार्म लावून तीन तास बसलो, उठायचं नाही म्हणजे नाही. निघाली.

पीएचडीचा विषय सिंधुदुर्गातून गोव्यात खेळायला गेलेल्या पोरांचं खेळ सुटल्यावर काय होतं हा. मला वाटलेलं सोपं जाईल, सगळे ओळखीचेच. तिथेच फसलो. मालवणच्या जेटीवर एका जुन्या डिफेंडरची मुलाखत घेतली, तो जाळं विणत बोलत होता, दोन तासांचं रेकॉर्डिंग. घरी येऊन लिहून काढायला बसलो तर निम्म्या ठिकाणी वारा आणि उरलेल्या ठिकाणी "तुका म्हायत आसा मां". पगार कधी थांबला? तुका म्हायत आसा. दुखापतीचा खर्च कोणी केला? तुका म्हायत आसा. गाइडनी लाल पेनाने लिहिलं, 'वाचकाला माहीत नाही.' मग परत गेलो आणि काहीच माहीत नसल्यासारखे बावळट प्रश्न विचारले. तो आधी हसला, मग बराच वेळ गप्प बसला, आणि मग जे सांगितलं ते ड्रेसिंग रूममध्ये शेजारी बसून चार वर्षांत मला कधी सांगितलं नव्हतं.

व्हायवाच्या, म्हणजे पीएचडीच्या तोंडी परीक्षेच्या, आदल्या रात्री तुतारी एक्सप्रेसमध्ये हाराल्ड बोरबद्दल वाचत होतो. भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोरचा भाऊ, गणितज्ञ, 1908 च्या ऑलिंपिकमध्ये डेन्मार्ककडून फुटबॉल खेळून रौप्य मिळवलेला (आमच्यासारखा पगारी मात्र नव्हता तो). त्याच्या डॉक्टरेटच्या व्हायवाला म्हणे गणितवाल्यांपेक्षा फुटबॉलवाले जास्त होते. माझ्याकडे फुटबॉलवाला एकच, तो जेटीवरचा, इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या बाकावर.

सध्या तासिका तत्त्वावर शिकवतो, सुट्टी पडली की पैसे नाहीत, म्हणजे कॉन्ट्रॅक्टच्या बाबतीत फारसं काही बदललेलं नाही. लेक्चर 48 मिनिटांचं असतं. 45 ला मी आपोआप घड्याळाकडे बघतो, मग म्हणतो चला, तीन मिनिटं इंज्युरी टाइम.