यलो फीवरची लस: सुई आज, ताप चार दिवसांनी

केनिया, युगांडाला निघणाऱ्यांची गफलत बहुधा तारखेत होते. यलो फीवरची (डासांमुळे होणाऱ्या पीतज्वराची) लस एकदाच घ्यायची, ०.५ मिली. पण पिवळं कार्ड, म्हणजे लस घेतल्याचा आंतरराष्ट्रीय दाखला, लागू होतं १० दिवसांनी, म्हणून तिकीट काढतानाच सरकारमान्य केंद्रात नंबर लावा. फोडलेली कुपी ६ तासांत संपवावी लागते, त्यामुळे बरीच केंद्रं ठरावीक वारीच लस देतात. कार्डावरचा पासपोर्ट नंबर, नावाचं स्पेलिंग, शिक्का तिथेच ताडून घ्या. कार्डात खोट निघाली तर परतल्यावर भारतात ६ दिवसांपर्यंत विलगीकरण होऊ शकतं. जुलै २०१६ पासून हे कार्ड जन्मभर चालतं.

लस जिवंत, पण दुबळ्या केलेल्या विषाणूची आहे. दंड लगेच दुखतो. ताप, अंगदुखी, डोकेदुखी मात्र बहुधा तिसऱ्या दिवसानंतर येते आणि लोक ती दगदगीवर ढकलतात. दंड चोळू नका, गार ओला फडका ठेवा. तापाला पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, आराम. डोळे पिवळे झाले, मान आखडली किंवा ताप उतरेना, तर थेट हॉस्पिटल गाठा.

अंड्याची तीव्र ॲलर्जी, स्टेरॉइडसारखी औषधं, गर्भारपण किंवा साठीपुढचं वय असेल, तर सुईआधी डॉक्टरांना सांगाच.