कम्युनिटी कॉलेजची हेल्थ डिग्री: कर्जाचा हिशेब कुठे चुकतो

अमेरिकेत ग्रीन कार्ड हातात आलं की आपल्या बऱ्याच घरांत हा विषय निघतो. जवळच्या कम्युनिटी कॉलेजात एक्स-रे, सोनोग्राफी किंवा रेस्पिरेटरी थेरपीचा दोन वर्षांचा कोर्स आहे. कर्ज काढून केला तर परवडेल का? मग एका बाजूला फी, दुसऱ्या बाजूला पगार मांडला जातो आणि उत्तर 'हो' येतं. उत्तर बहुधा बरोबरच असतं, पण मांडणी चुकलेली असते.

आधी कर्ज बघू. २०२४-२५ मध्ये स्थानिक विद्यार्थ्यासाठी सरकारी दोन-वर्षीय कॉलेजची सरासरी फी, कॉलेज बोर्डाच्या आकड्यांप्रमाणे, वर्षाला ४,०५० डॉलर होती. पेल ग्रँट, म्हणजे परत न करावी लागणारी सरकारी मदत, पूर्ण मिळाली तर ती ७,३९५ डॉलर, म्हणजे फी भागून वर पैसे उरतात. सरकारी कर्जालाही मर्यादा आहे: आईवडिलांवर अवलंबून असलेल्याला पहिल्या वर्षी ५,५०० आणि दुसऱ्या वर्षी ६,५००, लग्न झालेल्या किंवा चोविशी ओलांडलेल्याला ९,५०० आणि १०,५००. म्हणजे दोन वर्षांत फार तर २० हजार. २०२५-२६ च्या ६.३९ टक्के दराने दहा वर्षांसाठी महिन्याचा हप्ता दर दहा हजारांमागे ११३ डॉलर पडतो, वीस हजारांवर २२६.

आता पगार. सरकारी कामगार सांख्यिकी खात्याचे मे २०२३ चे मीडियन आकडे, म्हणजे निम्मे लोक याच्या वर आणि निम्मे खाली, असे: डेंटल हायजिनिस्ट ८७,५३०, सोनोग्राफर ८४,४७०, रेस्पिरेटरी थेरपिस्ट ७७,९६०, फिजिकल थेरपिस्ट असिस्टंट ६४,०८०, मेडिकल असिस्टंट ४२,०००, रक्त घेणारे फ्लेबॉटॉमिस्ट ४१,८१०. वर्षाचा हप्ता पगाराच्या ८ टक्क्यांच्या आत असावा, ही शिक्षण खात्याच्या एका नियमातली पट्टी. रेस्पिरेटरी थेरपिस्टला वीस हजारांचं कर्ज साडेतीन टक्क्यांत बसतं. मेडिकल असिस्टंटलाही साडेसहा टक्क्यांत बसतं! म्हणूनच या पट्टीवर विसंबू नका. मेडिकल असिस्टंटच्या कामाला बहुतेक ठिकाणी वर्षाभराचं सर्टिफिकेट चालतं; त्याच कामासाठी दोन वर्षांची डिग्री घेतली तर जादाचं वर्ष पगारात क्वचितच दिसतं.

कॉलेज स्कोअरकार्ड या सरकारी संकेतस्थळावर कॉलेज आणि शाखेनुसार कमाई व कर्ज दिसतं. उपयोगी आहे, पण त्यात तीन खाचा आहेत. शाखा चार आकडी कोडाने एकत्र केलेल्या असतात: ५१.०९ मध्ये रेडिओलॉजी, सोनोग्राफी, रेस्पिरेटरी, सर्जिकल टेक आणि पॅरामेडिक सगळे एकाच टोपलीत, ५१.०८ मध्ये फिजिकल थेरपिस्ट असिस्टंट आणि मेडिकल असिस्टंट शेजारी शेजारी. तुमच्या कॉलेजात यातला नेमका कोणता कोर्स आहे हे बघितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. दुसरं, कमाई फक्त सरकारी मदत घेतलेल्यांची मोजली जाते. तिसरं, कर्जाचा आकडा फक्त कर्ज घेतलेल्यांचा असतो आणि त्यात खासगी बँकेचं कर्ज धरलेलं नसतं. त्याच डिग्रीसाठी तीस-चाळीस हजार मागणाऱ्या खासगी कॉलेजांच्या बाबतीत ही खाच महाग पडते, कारण सरकारी मर्यादेवरचं बरंचसं खासगी कर्जातून येतं.

खरा खर्च मात्र बुडालेल्या पगाराचा. दुसऱ्या वर्षी आठवड्याचे तीन दिवस हॉस्पिटलात क्लिनिकल्स, म्हणजे प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, सकाळी सातला हजर, बिनपगारी. उरलेले दोन दिवस वर्ग आणि लॅब. पूर्णवेळ नोकरी यात बसत नाही. समजा ताशी १८ डॉलरची नोकरी ४० तासांवरून १६ तासांवर आली. आठवड्याला ४३२ डॉलर गेले. वर्षाचे ४० आठवडे धरले तर दोन वर्षांत ३४,५६०. फीच्या चौपट. शिवाय पुस्तकं, गणवेश, लसी, पोलीस तपासणी, परीक्षा शुल्क. डेंटल हायजिनला स्वतःची हत्यारं आणि भिंगाचा चष्मा धरून हा आकडा काही हजारांत जातो.

आणि 'दोन वर्षं' ही क्वचितच दोन असतात. अ‍ॅनाटॉमी-फिजिओलॉजीचे दोन भाग, मायक्रोबायोलॉजी, कुठे केमिस्ट्री, हे अर्जाआधी. अनेक कॉलेजात पाच-सात वर्षांपूर्वीचे विज्ञानाचे क्रेडिट धरत नाहीत. मग वेटिंग लिस्ट. नव्या रेस्पिरेटरी थेरपिस्टला ६२ हजार मिळतात असं धरलं, तर पूर्णवेळ १८ डॉलरच्या नोकरीपेक्षा ते वर्षाला साडेचोवीस हजारांनी जास्त. म्हणजे एक वर्ष रांगेत थांबण्याची किंमत तेवढी. शेजारच्या काऊंटीत फी दुप्पट, पण जागा याच वर्षी मिळते? तिकडे जा. रांगेतल्या काळात डिग्रीला न लागणारे विषय घेऊ नका. त्यांना सरकारी मदत मिळत नाही.

सगळ्यात वाईट हिशेब अर्धवट सोडणाऱ्याचा: कर्ज आहे, लायसन्स नाही. कॉलेजवाले परीक्षेचा निकाल अभिमानाने दाखवतात. वीस जण आले, बारा टिकले, बाराही पास झाले, तर निकाल शंभर टक्के! म्हणून पूर्ण करणाऱ्यांचा दर मागा. रेडिओलॉजीला मान्यता देणारी जेआरसीईआरटी आणि रेस्पिरेटरीची कोआर्क या संस्था प्रत्येक कोर्सचे असे आकडे प्रसिद्ध करतात. मान्यताच नसेल तर फिजिकल थेरपिस्ट असिस्टंटला राष्ट्रीय परीक्षेलाच बसता येत नाही, मग फी कितीही कमी असो. याच व्यवसायात आणखी एक गोष्ट: जानेवारी २०२२ पासून मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, असिस्टंटने दिलेल्या उपचाराचे ८५ टक्केच पैसे देतं. पगारवाढ मागताना ते आडवं येतं.

एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्याच्या जोडीदाराच्या किंवा मुलांच्या व्हिसावर, असाल तर शिकता येतं, पण पेल किंवा सरकारी कर्ज मिळत नाही, स्थानिक फीचा नियम राज्यागणिक बदलतो आणि ईएडी (नोकरीचा सरकारी परवाना) नसेल तर लायसन्स असूनही पगार नाही. हॉस्पिटल सरकारी किंवा विनानफा आहे म्हणून कर्जमाफीची आशा धरणाऱ्यांनी एवढं बघावं की तिथेही १२० हप्ते भरावेच लागतात. दहा वर्षांचं साधं कर्ज तेवढ्यातच फिटतं.

त्यापेक्षा हॉस्पिटलात आधी एखादी लहानशी नोकरी धरा. कर्मचाऱ्याच्या शिक्षणासाठी मालकाने दिलेले वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतचे पैसे करमुक्त असतात आणि कम्युनिटी कॉलेजची फी त्यात सहज बसते. सही करण्याआधी विचारून घ्या: कोर्स झाल्यावर किती वर्षं तिथेच राहायचं, आणि आधी सोडलं तर किती पैसे परत.